भोपळूचं घर: दुपारचा ह्युमिडिटी क्रॅश सापडला!

मंडळी, सापडलं एकदाचं! भोपळू म्हणजे माझं सुल्काटा कासवाचं पिल्लू, त्याच्या काचेच्या घरात सकाळी 82-84 टक्के असलेली ह्युमिडिटी दुपारी दोनपर्यंत 40 च्या खाली, हे मागच्या अपडेटमधे लिहिलं होतं. मे लागल्यापासून इंदूरात लू सुरू आहे, त्यामुळे बहुतेकांचा सल्ला एकच, फॉगर (गार धुकं सोडणारं यंत्र) वाढव.

वाढवून बघितला. काच धुक्याने भरते, दिसायला मस्त, पण बंद केला की थोड्या वेळात आकडा परत खाली, आणि नळाचं नर्मदेचं पाणी घातलं तर सगळीकडे पांढरी भुकटी बसते, म्हणजे आरओचं पाणी भरत बसा. शिवाय पिल्लाच्या अंगावर सतत गार धुकं नकोच, छाती भरते. माझं मत स्पष्ट आहे, सुल्काटाच्या पिल्लाला फॉगर नको.

मग ह्युमिडिटीचे मीटर तपासले. मिठाची टेस्ट माहितीच आहे सगळ्यांना: बाटलीच्या झाकणात मीठ, जेमतेम ओलं, विरघळू द्यायचं नाही, मीटरसोबत झिपलॉकमधे रात्रभर, 75 दिसलं पाहिजे. डिजिटल प्रोबने 73 दाखवले, चालेल. काट्याच्या डायलने 88! दुकानवाले अजून हाच डायल गळ्यात मारतात, फुकट दिला तरी घेऊ नका.

म्हणजे क्रॅश खरा होता. शेवटी दिवा चालू असताना उदबत्ती घेऊन बसलो आणि दोन मिनिटांत सगळं दिसलं. समोरच्या सरकत्या काचांच्या मधल्या फटीतून धूर आत खेचला जात होता, आणि बास्किंग लँपखाली (कासवाला शेकायचा गरम दिवा) पोचला की सरळ वर, जाळीतून बाहेर. अख्खं एन्क्लोजर, म्हणजे भोपळूचं घर, धुराडं झालं होतं! दिवा जाळीच्या वर ठेवला की गरम हवा वर पळते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा आत येते, मग कितीही पाणी ओता. वर तापमानाचा हिशोब वेगळाच, 25 डिग्रीला 80 टक्के असलेली हवा 35 पर्यंत तापवली की पाणी तेवढंच राहून आकडा 45 वर येतो.

काचवाल्याकडून 5 एमएमची काच कापून आणली आणि जाळीवर बसवली, एका कोपऱ्यात दोन बोटं जागा सोडून. दिवा आत घेतला, सिरॅमिक होल्डरवर, भोवती तारेचा पिंजरा. यूव्हीबी ट्यूबही (उन्हातले अतिनील किरण देणारी) आत घ्यावीच लागते, काचेतून यूव्हीबी येत नाही, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा. सरकत्या काचांच्या फटीला खिडकीची ब्रश पट्टी लावली, महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हिंडून थर्मोस्टॅट घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

आता दुपारी दोनला गार बाजूला 71!! बास्किंगखाली 35 डिग्री, रात्री 27 च्या खाली जाऊ देत नाही, कारण ओल आणि गारठा एकत्र आले की आजारपण ठरलेलं. पाणी पूर्वीसारखंच कोपऱ्यांतून कोकोपीटमधे ओततो, वरची साल कोरडी राहते, म्हणजे पोटाच्या कवचाला कुजण्याची भीती नाही.

एवढा आटापिटा कशाला, असं काही जण विचारतात. 2003 मधे वीस्नर आणि इबेन यांनी सुल्काटाची 50 पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या ह्युमिडिटीत वाढवली, कोरड्यातल्यांच्या पाठीवर जास्त उंच उंचवटे आले, आणि खाण्यातल्या प्रोटीनने पडलेला फरक अगदी किरकोळ निघाला. आफ्रिकेत हे कासव कोरड्या भागातलं असलं तरी पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास निघतात आणि दमट बिळांत दडतात. भोपळूच्या नव्या वाढीच्या पांढऱ्या रेघा सध्या एकदम सपाट आहेत, रोज टॉर्च मारून बघतो आणि रोज तेवढाच आनंद होतो.

(परत विचारलं म्हणून: हा स्टार कासव नाही. स्टार घरी पाळणं बेकायदा आहे. सुल्काटाची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे.)

पुढे एसटीसी-3028 (तापमान आणि ह्युमिडिटीचा) कंट्रोलर घेणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं, हॉलमधे दिवसभर कूलर चालतो, ती हवा आधीच दमट असते, मग एन्क्लोजर तिथेच का नेऊ नये? थेट झोतात नाही, सोफ्यामागच्या कोपऱ्यात. गळतीतून आत येणारी हवाच ओली असली तर अर्धं काम तिथेच झालं. आईचा होकार आहे, फक्त तिचा मनी प्लँट हलवावा लागेल. मग कंट्रोलर रद्द, त्या पैशात दुसरा प्रोब घेतो, बास्किंग बाजूसाठी.

जूनमधे पाऊस आला की उलटा त्रास, बुरशी. स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडायचा विचार आहे. माळव्याच्या पावसाळ्यात कोणी ठेवलेत का, आणि कल्चर कुठून आणलं?