चवथीची रजा आणि अंतराचं कार्ड

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी एएनएम, म्हणजे गावची सिस्टर आहे. इतर राज्यांत घरोघरी फिरायला आशाताई असतात. गोव्यात आशा नाहीत, त्यामुळे कोण गरोदर, कोण माहेरी गेली, कुणाचा नवरा बोटीवरून कधी येणार, हे सगळं आमच्याच वहीत आणि आमच्याच डोक्यात.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दिवस. बायका नेवऱ्या आणि माटोळीच्या गडबडीत, म्हणून लसीकरणाला शुकशुकाट. बोटीवर काम करणारा, रजेवर आलेला एक तरुण आत आला आणि टेबलावर कार्ड ठेवून म्हणाला, "सिस्टर, हें कितें?"

ते त्याच्या बायकोचं अंतराचं कार्ड होतं. पोराच्या लसीकरण कार्डाच्या घडीत त्याला सापडलेलं. तारखा सगळ्या माझ्या अक्षरातल्या, शेवटची जुलैअखेरची. तो आला ऑगस्टमध्ये.

अंतरा म्हणजे पाळणा लांबवण्याचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. सरकारी कार्यक्रमात ते 2017 साली आलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. कुपी नीट हलवून घ्यायची, दंडात खोल द्यायचं आणि वरून अजिबात चोळायचं नाही. चोळलं की औषध लवकर उतरतं. बायका सवयीने चोळतात, म्हणून मी दोन मिनिटं त्यांचा हात धरूनच बसते. आणि दर वेळी न चुकता सांगते: बंद केलं तरी लगेच दिवस राहतील असं नाही, शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने धरून चाला. हे वाक्य घाईत गाळणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. नंतर तीच बाई "सुईने वांझ केलं" म्हणत गावभर फिरते, आणि निस्तरायला आम्ही.

आता त्याचा हिशेब. रजा दिवाळीपर्यंत. या रजेत दुसऱ्याचं जमवायचं, पुढचं कॉन्ट्रॅक्ट करून परतायचं तोवर बाळंतपण झालेलं. घरी आईचंही तेच, दोन पोरं एकदमच मोठी होतात, एका कष्टात दोन. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं: जुलैअखेर अधिक सात, म्हणजे फेब्रुवारी. तोवर हा कुठल्या समुद्रात. त्यालाही मोजता आलं. चेहरा उतरला आणि मग चढला.

"मला न विचारता दिलं?"

पाळणा लांबवण्याच्या साधनाला नवऱ्याची सही लागत नाही, हे मी सांगितलं. रजिस्टर दाखवा म्हणाला. नाही दाखवलं. आमच्या एक वरिष्ठ बाई असत्या तर चहा देऊन दाखवलं असतं; त्यांच्या मते घरचं भांडण मिटवणं हेही सिस्टरचंच काम. मी फक्त सरकारी बाजू लावून धरली. पोर दीड वर्षाचं आहे, आणि एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यात निदान 24 महिने जावेत असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. आईच्या अंगात रक्त भरायला वेळ लागतो. तो ऐकून घेत होता, पण त्याचं भांडण रक्ताशी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तिचे सासरे आले. रात्री घरात सोडचिठ्ठीचा शब्द निघाला होता. आमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची अर्धी-अर्धी, त्यामुळे हा शब्द निघाला की सासरे वकिलाकडे जायच्या आधी सिस्टरकडे येतात. "तिला जरा समजावा," म्हणाले. मुलाला समजावा, असं कुणी म्हणत नाही.

आमच्या प्रशिक्षणात मुलांमधलं अंतर म्हणजे हिमोग्लोबिन, बाळाचं वजन, कमी दिवसांचं बाळंतपण. फॉर्मवर रकाने त्याचेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर 1.3 आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी 1.3 मुलं. इथे किती मुलं यावर कोण भांडतंय? भांडण कधी यावर, आणि कुणी ठरवायचं यावर. त्याला रकाना नाही. पाठोपाठ पोरं होऊनही गुण्यागोविंदाने नांदणारी जोडपी माझ्या वहीत आहेत, आणि चांगलं पाच वर्षांचं अंतर ठेवून एकमेकांशी न बोलणारीही आहेत.

ती स्वतः चवथ झाल्यावर आली, पोराला कडेवर घेऊन. मी विचारलं, "बाय, तुला सात-दहा महिन्यांचं सांगितलं होतं ना मी?"

"म्हाका खबर आशिल्ली," ती म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. मला वाटलं होतं विसरली असेल. जुलैची सुई तिने रजेचं तिकीट कळल्यावर घेतली होती. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा शेजाऱ्याच्या रिक्षातून गेली. बापाने पोर पाहिलं ते सहा महिन्यांचं झाल्यावर. पुढचं हवंय तिलाही. पण तो जमिनीवर असताना, आणि हे बोलायला गेलं की तो म्हणतो, पगार कोण देणार? पगाराचं त्याचंही खोटं नाही, घराचा हप्ता चालू आहे. मग तिच्या हातात उरलं काय, तर तारीख. तिने ती वापरली.

हे बरोबर का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगितलं असतं तर सुई घेऊ दिली नसती, हे ती म्हणते ते खरं असावं. पण तिच्या नवऱ्याचा कॅलेंडरकडे बघतानाचा चेहराही मी पाहिला आहे. फसवलेल्या माणसाचाच होता तो.

ऑक्टोबरअखेरच्या तारखेला ती आली नाही. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, तेही उलटले. तो मधेच परत बोटीवर गेला. डिसेंबरात पोराच्या बूस्टरला आली तेव्हा तिनेच कॉपर-टीचं काढलं: काढली की दिवस राहायला किती वेळ? लगेच राहू शकतात, थांबावं लागत नाही, मी म्हटलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग, पाच वर्षांची असते आणि दहा वर्षांची असते, त्यातली कुठली बरी ते विचारलं, आणि नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.