अंधारात म्हटलेला पहिला अध्याय

अहमदनगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतला तरुण संघ दरवर्षी २४ डिसेंबरच्या रात्री मेणबत्त्यांची उपासना घेत असे आणि तिची तयारी पंधरवडाभर आधी सुरू होई. मेण हातावर गळू नये म्हणून प्रत्येक मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती बसवण्याचे काम आम्हा शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांकडे असे. मोठी मुले पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन नारायण वामन टिळकांच्या गीतांचा सराव करीत. नाटिका होई, प्रीतिभोजन होई. पण मनात राहिली आहे ती दिवे मालवल्यानंतरची वेळ.

वेदीजवळ एकच मोठी मेणबत्ती तेवत असे. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तिच्यावर आपली मेणबत्ती लावीत आणि मग ती ज्योत हातोहात, बाकामागून बाक, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. तोवर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला जाई; त्यात ख्रिस्तालाच ‘शब्द’ म्हटले आहे : ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता.’

मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, ख्रिस्ताला ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हटले आहे, हे मला शिकवलेले होते. म्हणून मोठी मेणबत्ती म्हणजे पिता आणि तिच्यावर लावलेली म्हणजे पुत्र, असा अर्थ मी लावला आणि मोठ्या उत्साहाने पाळकसाहेबांना सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “बाळ, दुसरी मेणबत्ती लागण्यापूर्वी विझलेलीच असते ना? पुत्र तसा कधीच नव्हता. सूर्य आधी उगवला आणि त्याचे तेज मागाहून आले, असे कधी झाले आहे का?” इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेपुढे नेमका हाच प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळले. पुत्र नव्हता असाही एक समय होता, असे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवीत असे. त्याला उत्तर देताना तिथलाच बिशप अथनेशियस यानेही सूर्य आणि त्याचे तेज यांचाच दाखला दिला होता. त्या रात्री मला एवढेच उमगले की, लावलेल्या मेणबत्त्या म्हणजे आम्ही. आमचा उजेड मिळालेला आहे, ख्रिस्ताचा मात्र त्याचा स्वतःचाच आहे. येशूला केवळ थोर गुरू मानून थांबणे मला त्यानंतर कधी जमले नाही.

भारनियमनाच्या काळातल्या एका वर्षी दिवे मालवण्याआधीच वाचन सुरू झाले आणि तेवढ्यात वीज गेली. वेदीजवळची मेणबत्ती अजून लावलेली नव्हती आणि वाचणाऱ्या मुलाला ओळ दिसेना. तेव्हा महिला मंडळाच्या बाकावरून एका आजींचा आवाज आला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण वर्षानुवर्षे ऐकून हा भाग त्यांना मुखोद्गत झाला होता. ‘तो प्रकाश अंधारात प्रकाशतो,’ असे म्हणत त्या न अडखळता पुढे जात राहिल्या. कोणाच्या तरी हातात काडेपेटी होती, पण काडी ओढली गेली नाही. चौदाव्या वचनाशी, ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ येथे, आजींचा आवाज भरून आला. त्या दरवर्षी खेड्यावरून एसटीने येत आणि रात्री कोणाच्या तरी घरी वस्तीला राहत; परक्या घरी अंथरूण मिळणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. त्या थांबल्या. मग काडी ओढल्याचा आवाज झाला आणि सर्वांत आधी त्यांचाच चेहरा उजळला.