पांढऱ्याची वेगळी ट्यूब

मुलगी पहिलीत जाणार होती तेव्हा इथल्या, म्हणजे म्युनिकच्या, शाळेतून सामानाची यादी आली. वहीला कोणत्या रंगाचं कव्हर हवं इथपर्यंत सगळं लिहिलेलं. चित्रकलेपुढे होतं: बारा रंगांची पेटी, राठ केसांचे दोन ब्रश, मऊ केसांचे दोन, मोठी चित्रवही, पाण्याचा डबा आणि बाबांचा जुना शर्ट. शर्ट खरोखरच यादीत होता. उलटा घालून बटणं पाठीवर लावली की झाला एप्रन.

पेटी उघडली तर पिवळ्यापासून काळ्यापर्यंत बारा गोल वड्या, पण पांढरा गायब. मी पेटी परत करायला निघालेच होते, तेवढ्यात खाचेत बसवलेली एक ट्यूब दिसली. पांढऱ्याचा मान वेगळा. इथली मुलं त्याला 'डेकवाइस' म्हणतात, झाकणारा पांढरा. या सगळ्या रंगांनाच 'डेकफार्बन' म्हणतात, झाकणारे रंग.

चित्रकारांच्या भाषेत हे गुआश घराणं. आणि आपल्या भाषेत? पोस्टर कलर! एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कुणालाही त्या छोट्या बाटल्या आठवतील. वर पाणी साचलेलं, खाली रंगाचा गोळा, आणि ढवळायला कुल्फीची काडी. संकल्पचित्रात रंग 'सपाट बसला पाहिजे' म्हणून आमचे सर मागे उभे राहायचे. माझा कधी बसला नाही, ते सोडा.

यंदा ऑगस्टच्या सुट्टीत घरी पाच मुलं जमवली, सहा ते नऊ वर्षांची. शाळेच्या वड्यांतून रंग काढता काढता लहानग्यांचा हात दुखतो आणि रंग फिकाच येतो, म्हणून गुआशच्या ट्यूबा आणल्या: पिवळा, लाल, निळा, पांढरा. पांढरी सगळ्यात मोठी, कारण तीच आधी संपते. काळी मी आणलीच नाही. काळा हाताशी असला की मुलं दुसरं काही मिसळतच नाहीत.

जलरंगापेक्षा लहान मुलांना हे बरं, असं माझं मत. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखून ठेवायचा. सहा वर्षांच्या पोराने काय काय राखायचं? गुआशमध्येही डिंकच असतो, पण रंगाची भुकटी भरपूर, काही रंगांत खडूसारखी पांढरी पूडही. त्यामुळे गडद रंगावर फिका चढतो. आपल्याकडची लघुचित्रंही याच जातीच्या रंगांत केलेली आहेत.

पाणी किती घालायचं हे मात्र सांगून कळत नाही. शेवटी स्वयंपाकघरातली मापं काढली. ताक नको, श्रीखंड नको, बासुंदी हवी. हे पाचही जणांना एका झटक्यात कळलं. एकाने तरीही श्रीखंड थापलंच. वाळल्यावर त्याच्या डोंगराला भेगा पडल्या, जाड थराला पडतातच. त्याने बाजूला 'भूकंप' लिहिलं आणि विषय मिटवला.

खरी रडारड झाली ती चंद्रावरून. लेकीने निळ्यात तपकिरी घालून छान गडद रात्र केली आणि लगेच तिच्यावर पांढरा चंद्र ठेवला. चंद्र झाला मळक्या फडक्यासारखा. अजून पांढरा, अजून मळका. खालचा थर ओला होता आणि ब्रश त्यालाच उकरत होता. "हा झाकणारा रंग आहे ना? मग झाकत का नाही?" प्रश्न रास्त होता. कागद वाळू दिला, दरम्यान सगळ्यांनी पोहे खाल्ले. मग ब्रश धुऊन, टिपून, दाट पांढरा घेतला, एकदाच टेकवला आणि उचलला. घासायचं नाही. चंद्र बसला. पोह्यांइतकी वाट बघायची, हा आमचा नियम तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी नवीन तक्रार: "माझा रंग बदलला." बदलतोच. फिके रंग वाळल्यावर बहुधा थोडे गडद दिसतात आणि गडद रंग थोडे फिके. म्हणून कागदाची एक पट्टी शेजारी ठेवायची, त्यावर ठिपका द्यायचा, वाळला की ठरवायचं. मोठ्या दोघांनी हे ऐकलं, बाकीच्यांनी पट्टीवर मांजर काढलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांना लेनबाखहाउसला, म्हणजे इथल्या चित्रसंग्रहालयात, नेलं. तिथे फ्रान्झ मार्कचा १९११ सालचा निळा घोडा आहे. तो तैलरंगातला, पण मला मुलांना सांगायची होती ती त्याच्या पोस्टकार्डांची गोष्ट. हा चित्रकार कवयित्री एल्झे लास्कर-शूलरला स्वतः रंगवलेली पोस्टकार्डं पाठवायचा. निळ्या घोड्यांच्या मनोऱ्याचं कार्ड त्याने १९१३ च्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून धाडलं, शाई आणि गुआशमध्ये. पुढे त्याच विषयावर त्याने केलेलं मोठं तैलचित्र १९४५ पासून बेपत्ता आहे. कार्ड मात्र टिकलं.

मग काय, घरी येऊन प्रत्येकाने कार्ड रंगवलं. गुआशसाठी पोस्टकार्डाचं माप झकास. जाड कागद सुरकुतत नाही आणि मूल कंटाळायच्या आत चित्र संपतं. आमची आजी वर्ध्याची. तिने तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचा फोटो पाठवला होता, तर लेकीने तो बैल काढला. निळा. शिंगं पिवळी, झूल गुलाबी, आणि झुलेवर वाळल्यानंतर दिलेले पांढरे ठिपके, एकेक मोजून.

कार्ड मी पाकिटात घालून पाठवलं. कितीही वाळला तरी हा रंग पाण्याने पुन्हा सुटतो आणि वाटेत पाऊस भेटणारच. ते पोचलं गणपती गेल्यावर. व्हिडिओ कॉलवर आजीने बैल आधी कॅमेऱ्याला इतका चिकटवला की नुसतं निळं दिसत होतं. मग म्हणाली, "अगं, याच्या पाठीवर काहीतरी पांढरं पांढरं लागलंय, थांब," आणि पदराचं ओलं टोक घेऊन ती पुसायला लागली.

"आजी, नको!" लेक ओरडली, पण तोवर दोन ठिपके गेले होते. आजीने पदर उलटून बघितला. पदराला निळं लागलं होतं.