बंदी घालून काम संपत नाही : आमची वाटचाल

आमची फर्म कोल्हापुरात आहे. सुरुवातीला आम्ही कॉम्प्युटर जोडून द्यायचो, ऑफिसात नेटवर्कच्या केबल टाकायचो आणि वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्यायचो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, शहरातल्या पतसंस्था, काही हॉस्पिटलं आणि सीएंची ऑफिसं हे आमचे ग्राहक. ग्राहक अजूनही तेच आहेत, पण कामाचा मोठा भाग बदललाय. त्यांच्या सर्व्हरवर कुठून हल्ले होतात ते पाहायचं, हल्ला करणारा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा मशीनचा क्रमांक) कोणाच्या जाळ्यातला आहे ते शोधायचं आणि पुराव्यासह त्यांना कळवायचं, हे आता आमचं रोजचं काम आहे.

याची सुरुवात टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली. मालकांना घरी बसून टॅली बघायची असते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच सोपा उपाय केलेला असायचा: स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्यायचा, राउटरमधून ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवण्याचा, पोर्ट (त्या कामापुरतं दार) थेट सर्व्हरकडे वळवायचा, झालं. आम्ही अशा सर्व्हरवर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून ४६२५ क्रमांकाच्या नोंदी मालकांना दाखवायला लागलो. ४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. पानामागून पानं भरलेली. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टेस्ट, अकाउंट्स, टॅली अशी एकेक नावं लावून बघितलेली, रात्री-बेरात्री, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा.

त्यावर मालकांचा ठरलेला प्रश्न असायचा, "अहो, आमच्या एवढ्याशा कारखान्याच्या मागे कोण लागणार?" प्रश्न रास्त आहे. खरं उत्तर असं की त्यांना कोणी निवडलेलंच नसतं. आयपी पत्त्यांच्या आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत सगळ्या जगाचे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचं साधन तयार केलं, आणि एक मशीन व गिगाबिटची लाइन असेल तर पाऊण तासाच्या आत हे सगळे पत्ते एखाद्या पोर्टसाठी तपासता येतात हे दाखवून दिलं. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवत जाणाऱ्याला आत कोण राहतं याच्याशी देणंघेणं नसतं. उघडं लागेल ते दार त्याचं.

म्हणून आम्ही आधी दारं बंद केली. रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेल्या खासगी जोडणीच्या, आत घेतलं, लिनक्स सर्व्हरवर पासवर्ड बंद करून डिजिटल किल्ली वापरायला लावली. खरं संरक्षण यातच आहे, हे मी आजही प्रत्येक ग्राहकाला पहिल्यांदा सांगतो. वाईट पत्त्यांची यादी हा नंतरचा विषय.

तरी मेल आणि वेबसाइटचे सर्व्हर उघडे ठेवावेच लागतात. तिथे आम्ही फेल-टू-बॅन बसवलं. २००४ पासून चालत आलेलं हे मोफत साधन लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचत बसतं आणि एकाच पत्त्यावरून ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की त्या पत्त्यावर बंदी घालतं. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी. पण हल्ला करणाऱ्यांनाही हे आकडे ठाऊक असतात. एका पत्त्यावरून दोन-तीनदाच प्रयत्न करायचा आणि पुढची पाळी दुसऱ्याच देशातल्या मशीनला द्यायची, असं चालतं. एकेका सर्व्हरचा लॉग सुटा पाहिला तर हे लक्षातच येत नाही. सगळ्या ग्राहकांचे लॉग एकत्र लावले तेव्हा तेच पत्ते पतसंस्थेत, हॉस्पिटलात आणि फाउंड्रीत पाळीपाळीने फिरताना दिसले.

कामाची दिशा मात्र एका मेलने बदलली. आमच्या एका ग्राहकाला त्यांच्या इंटरनेट कंपनीने परदेशातून आलेली तक्रार पुढे पाठवली होती. युरोपात सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली. मजकूर थोडका: ग्राहकाचा आयपी पत्ता, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली वेळ, कोणत्या पोर्टवरून निघून कोणत्या पोर्टवर आलात ते, आणि खाली लॉगच्या चार ओळी. राग नाही, धमकी नाही. वेळेत साडेपाच तास मिळवले तर आपल्याकडची पहाट येत होती. आम्ही राउटरवर पाहिलं. त्या वेळी ऑफिसातला एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. चालू होता तो सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आणि तो जगभरातल्या मशीनच्या २३ नंबरच्या (टेलनेट या दुरून मशीन चालवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) पोर्टवर सारखा धडका मारत होता. त्याचा पासवर्ड बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेला, तोच.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने नेमकं हेच हेरलं होतं. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर यांवर युजरनेम-पासवर्डच्या साठेक ठरावीक जोड्या लावून बघायच्या आणि मशीन ताब्यात घ्यायचं. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच मशीनच्या फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला चढवला आणि अमेरिकेत कित्येक बड्या वेबसाइट काही तास उघडेनात. मिराई फक्त मेमरीत राहतो, वीज घालवून परत चालू केली की जातो. पण पासवर्ड तोच असेल तर पुन्हा येऊन बसतो. आम्ही डीव्हीआर नेटवरून तोडला, रीसेट केला, फर्मवेअर नवं घातलं, पासवर्ड बदलला आणि तो बाहेरून दिसणार नाही अशी व्यवस्था करूनच पुन्हा जोडला.

त्या दिवसापासून आमच्या लॉगमधल्या पत्त्यांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यातल्या किती तरी पत्त्यांमागे असाच कुणाचा तरी डीव्हीआर, शाळेचा सर्व्हर, दवाखान्याचा राउटर असणार, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसणार. आपण बंदी घातली की आपला सर्व्हर सुटला, ते मशीन मात्र तसंच. त्या अनोळखी माणसाने नुसती बंदी घातली असती तर आमच्या ग्राहकाला काहीच कळलं नसतं. म्हणून आम्ही कळवायचं ठरवलं.

आयपी पत्ता कोणाकडे नोंदलेला आहे ते हूइज या सार्वजनिक नोंदवहीत मिळतं. आपल्या भागाची नोंद ब्रिस्बेनच्या एपीनिककडे, युरोपची ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसीकडे, उत्तर अमेरिकेची एरिनकडे. भारतात निक्सीच्या अखत्यारीतलं इरिन हे काम पाहतं. तिथे गैरवापराच्या तक्रारींसाठी वेगळा मेल पत्ता दिलेला असतो. 'ॲब्यूज' नावाची मेलपेटी प्रत्येक जाळ्याने ठेवावी, हा संकेत १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये लिहून ठेवलाय. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक संकेतांचा दस्तऐवज.)

तक्रार मात्र तपासता येईल अशीच हवी, यावर मी हटून बसतो. वेळ यूटीसीत, आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवरच्या प्रमाण घड्याळाशी, जुळवलेलं. समोरच्याच्या पत्त्याबरोबर त्याचा पोर्टही लिहायचाच. मोबाइल आणि बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. पोर्ट आणि नेमकी वेळ नसेल तर त्यातला कोण, हे कंपनीलाही सांगता येत नाही. २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये पोर्ट नोंदवायला सांगितलंय, तरी कितीतरी वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये तो लिहीत नाहीत. आम्ही तो आधी चालू करतो. दुसरं म्हणजे यूडीपीवरून, म्हणजे आधी कनेक्शन न जुळवता डेटा पाठवण्याच्या पद्धतीने, आलेल्या माऱ्याची तक्रार आम्ही त्या पत्त्याविरुद्ध करत नाही. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, आणि भलत्याच माणसावर आळ येतो. टीसीपीचं कनेक्शन पूर्ण जुळून पासवर्डपर्यंत गोष्ट गेली असेल तरच पत्ता खरा धरायचा.

आमच्या ग्राहकाचं नाव आणि त्यांच्याकडचे खरे युजरनेम आम्ही झाकतो. काही होस्टिंग कंपन्या तक्रार जशीच्या तशी त्यांच्या ग्राहकाकडे सरकवतात, आणि तो ग्राहकच हल्लेखोर असू शकतो. उत्तरांचा अनुभव संमिश्र आहे. कुठे तासाभरात मशीन बंद होतं, कुठे मेलपेटी भरली म्हणून मेल परत येते. परत आलेली मेलही आम्ही नोंदवतो, आणि पुढच्या वेळी त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला लिहितो.

ॲब्यूजआयपीडीबी आणि जर्मनीतलं ब्लॉकलिस्ट डॉट डीई या हल्लेखोर पत्त्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या साइटवरही आम्ही नोंदी पाठवतो. ॲब्यूजआयपीडीबी प्रत्येक पत्त्याला, तो गैरवापराचा असल्याची खात्री किती, याचा ० ते १०० असा अंक देतं. तो उपयोगी आहे, पण त्या एका आकड्यावर आम्ही कायमची बंदी घालत नाही. मोबाइल कंपनीचा वाटलेला पत्ता कायमचा बंद केला तर पतसंस्थेच्या ठेवीदारालाच आपलं खातं दिसणार नाही. आमच्याकडे बंदीला मुदत असते आणि मुदत संपली की पत्ता पुन्हा तपासला जातो.

"तक्रार करून आम्हाला काय मिळणार?" हे पतसंस्थांच्या बैठकीत हमखास विचारलं जायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, तो हल्ला वेगळ्या प्रकारचा होता, पण त्यानंतर संचालक मंडळी निदान ऐकून घेऊ लागली. मग २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे निर्देश आले: ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं जुळवून ठेवायची. "चेअरमन साहेब, लॉगसाठी वेगळी डिस्क घ्यावीच लागेल, आता नियमच आहे," एवढं म्हणणं पुरे होऊ लागलं. या कामाचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही, ते एएमसीतच धरतो.

लॉग एकत्र करून तक्रारीचा मसुदा बनवणारी स्क्रिप्ट गारगोटीच्या पॉलिटेक्निकमधून आलेल्या आमच्या सहकारी मुलीने लिहिली. मसुदा मशीन बनवतं, पण माणसाने वाचल्याशिवाय आम्ही एकही तक्रार पाठवत नाही. सेन्सिस किंवा शॅडोसर्व्हरसारख्या संस्थाही पोर्ट तपासत फिरतात. शॅडोसर्व्हर तर त्यातून सापडलेल्या त्रुटी जाळ्यांच्या मालकांना फुकट कळवतं. त्यांना हल्लेखोरांत टाकणं बरोबर नाही, आणि हा फरक वाचणाऱ्यालाच कळतो.

सध्या आमची मेहनत आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर चाललीय. तिथे एका जोडणीला साधारण /६४ चा (पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा) गट मिळतो, म्हणजे जुन्या सगळ्या इंटरनेटच्या कितीतरी पट पत्ते एकाच मशीनच्या हाती. एकेका पत्त्यावर बंदी घालून काही होत नाही, म्हणून आमची स्क्रिप्ट आता /६४ एकक धरते. होस्टिंगवाल्यांकडे मात्र कुणी एका ग्राहकाला /५६ देतो, कुणी /४८ (आकडा लहान तितका गट मोठा), तर कुणी एकाच /६४ मध्ये अनेक ग्राहक बसवतो. कोणत्या जाळ्यात किती मोठा गट धरायचा, याची नोंदवही आम्ही हाताने भरतोय.