झोपेत उतरणारी बॅटरी: चौथ्या रात्रीपर्यंतची नोंद

मंडळी, लिनक्स अपग्रेड केल्यापासून रात्री झाकण लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळी बरीच उतरलेली असायची. नुसत्या अंदाजावर काही सापडेना, म्हणून झोपताना आणि उठल्यावर आकडे वहीत लिहायला लागलो. पहिल्या रात्री साडेदहाला ८४ टक्के, सकाळी साडेसहाला ६१. बॅटरी ५० वॉट-अवरची. म्हणजे आठ तासांत साडेअकरा वॉट-अवर, सरासरी १.४ वॉट. तळाला हात लावला तर कोमट.

टर्मिनलवर मेम-स्लीपची फाइल (लॅपटॉप कोणत्या प्रकारे झोपेल ते सांगणारी) वाचली. तिच्यात 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द होते. जो निवडलेला, त्याला चौकोनी कंस. कंस एस-टू-आयडलला होता. या झोपेत प्रोसेसर नुसता निवांत बसतो, त्यामुळे एखादं उपकरण नीट झोपलं नाही तरी वीज जात राहते. डीपमध्ये जवळजवळ फक्त रॅम जिवंत असते.

तीन वर्षांपूर्वी मीच ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डीप निवडणारी ओळ घातली होती. अपग्रेड चालू असताना 'जुनी कॉन्फिग फाइल ठेवू की नवी घेऊ' असं विचारलं, मी नवी म्हटलं आणि ओळ गेली. दोन्ही फाइलींतला फरक दाखवायचा पर्याय तिथेच असतो. तो बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका, खरंच सांगतो.

ओळ परत घातली, ग्रब अपडेट केलं, रीस्टार्ट. दुसऱ्या रात्री ९ टक्के. फरक मोठा, पण डीपच्या मानाने अजून जास्तच. लॉग चाळला तर पहाटे ३:१२ ला मशीन जागं झालेलं! वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबीला तसाच होता. एसीपीआय (वीज-व्यवस्थापन सांभाळणारी प्रणाली) हिच्या वेकअप यादीत, म्हणजे मशीनला कोण जागं करू शकतं त्या यादीत, एक्सएचसी, म्हणजे यूएसबी कंट्रोलर, चालू होता. तेच नाव या यादीच्या फाइलीत लिहिलं की तो बंद होतो. मात्र दुसऱ्यांदा लिहिलं तर परत चालू, तेव्हा यादी पुन्हा वाचून खात्री करा. तिसऱ्या रात्री ४ टक्के, म्हणजे पाव वॉट.

ज्यांच्या मेम-स्लीपच्या फाइलीत डीप नाहीच (बऱ्याच नव्या मशीनवर नसतं), त्यांनी इंटेल असेल तर पीएमसी-कोअरमधला (इंटेल चिपच्या विजेची माहिती देणारा ड्रायव्हर) एस-झिरो रेसिडेन्सीचा, म्हणजे गाढ झोपेत घालवलेल्या वेळेचा, आकडा झोपेआधी आणि नंतर बघावा. तो हललाच नाही, तर चिप गाढ झोपेत गेलेलीच नाही.

वेकअपचा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून मशीन सुरू होताना तो आपोआप व्हावा यासाठी आज त्याची छोटी सिस्टिमडी सर्व्हिस लिहिली. आत्ता ७८ टक्के आहे, रिसीव्हर मुद्दाम लावूनच ठेवलाय. सकाळी आकडा टाकतो.