साधा चेहरा

मंगळवार, रात्री उशिरा

फोटो काढणारा मुलगा तसा नम्रच होता. "काकू, जरा रिलॅक्स व्हा. चेहरा साधा ठेवा," म्हणाला. मी म्हटलं, ठेवलाय. त्याने कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिलं, काहीच बोलला नाही आणि बटण दाबलं. त्याचं ते न बोलणं सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

कारण मी खरंच साधा ठेवला होता. राग नाही, घाई नाही. छत्री आणलीय की विसरले, एवढंच मनात चाललं होतं. फोटोत मात्र भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा, तोंडाचे कोपरे खाली, आणि एकूण भाव असा की समोरच्याने माझे पैसे बुडवलेत. आत्या. हुबेहूब आत्या. ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

म्हातारपणाचं नाही हे. केस पिकले तेव्हा काही वाटलं नाही, गुडघ्यांचं तर सोडाच. मी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. दादाच्या वेळीसुद्धा नाही. 'ही कधी चिडत नाही' हे इतक्या जणांकडून ऐकलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि गिळलेलं सगळं इथे साठत होतं? तोंडातून बाहेर पडू दिलं नाही ते कपाळावर जाऊन बसलं?

बरं वाटावं म्हणून वाचत बसले, झालं उलटंच. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट त्वचेत शिरलेले असतात, म्हणून आठी घातली की कातडीच दुमडते. तरुणपणी ती घडी आपली आपण मोडते, पुढे मोडेनाशी होते. १९८७ साली कॅरल मॅलाटेस्टा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्क माणसांचे चेहरे अनोळखी लोकांना ओळखायला दिले. भाव ओळखताना लोक चुकले, पण त्या चुकाही ज्याचा चेहरा त्याच्याच स्वभावाकडे झुकलेल्या. हे वाचल्यावर फोन पालथा ठेवला.

वेळच्या वेळी ओरडून मोकळी झाले असते तर? पण आत्या ओरडायचीच की. रोज. तरी तिच्या रेघा याच. म्हणजे ओरडा नाहीतर गिळा, वसुली तिथेच! एकटीच हसले.

थोडा धीर दिला तो डार्विनने, १८७२ सालच्या. त्याचं म्हणणं, आठी म्हणजे नुसता राग नव्हे. विचारात काही अडलं, काही अवघड समोर आलं की ती पडते. डोळ्यांवर ऊन आलं तरी पडतेच. आणि मी चष्मा लावायचा किती वर्षं टाळला! सुईत दोरा ओवणं, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, वहीतले हिशेब. निम्मी आठी तर त्या दोऱ्याचीच असेल. उरलेली निम्मी दादाची. बरं, कबूल.

उर्सुला हेस या मानसशास्त्रज्ञ बाई आणि मंडळींनी २०१२ साली आणखी एक दाखवून दिलं: सुरकुत्या असल्या की चेहऱ्यावरचा भाव बघणाऱ्याला नीट उमगत नाही. मग त्या मुलाने माझा राग वाचला की नुसती घडी? त्याला विचारणार कोण! आणि त्याने 'राग' म्हटलं असतं, तर मी शांतपणे ऐकून घेतलं असतं, नेहमीसारखं. म्हणजे पुन्हा तेच.

आत्ता आरशासमोर उभी राहून भुवया सैल सोडून पाहिल्या. रेघा गेल्या की नाही ते दिसेना, चष्मा उशाशी राहिला होता. नीट दिसावं म्हणून डोळे बारीक केले, भुवया जवळ घेतल्या.

दिसल्या. दोन्ही.