सव्वातीन तासांचं कोटेशन

डिसेंबरातली दुपार. ट्रॅव्हल ऑफिसात हनिमूनवाल्यांची झुंबड, आणि त्यातून वाट काढत एक निवृत्त भूगोल शिक्षक माझ्या टेबलाशी येऊन बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. बॉलपेनने काढलेला भारताचा नकाशा, लक्षद्वीपचं मिनिकॉय बेटसुद्धा जागच्या जागी.

"ताई, सूर्योदय पोर्ट ब्लेअरला आणि त्याच दिवशीचा सूर्यास्त लक्षद्वीपच्या अगत्तीला. दोन्ही बेटं आपली, घड्याळ एकच. मधे साडेवीस रेखांश, सूर्याला ब्याऐंशी मिनिटं पुरतात. विमानाला किती?"

मी अंतर दाखवणारी साइट उघडली. २,२४० किलोमीटर, सव्वातीन तास. "होऊन जाईल, सर," म्हणाले. इतकी वर्षं तिकिटं काढतेय, तरी जीभ घसरलीच.

ते गेल्यावर कळलं काय बोलून बसले ते. साइट फक्त नकाशावर दोरी ताणते, ताशी आठशेने भागते आणि चढ-उताराचा अर्धा तास टाकते. त्या दोरीवर विमान आहे की नाही, हा प्रश्न तिला पडतच नाही. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सुमारे ३,३०० मीटर, तिथे मोठी जेट उतरतात. अगत्तीची जेमतेम १,२०० मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे एटीआर हे पंख्याचं छोटं विमान जातं, आणि ते भरल्या सीटांनी दीड हजार किलोमीटरच्या आसपासच उडतं. म्हणजे चेन्नई, मग कोची, तिथे मुक्काम आणि सकाळी साडेचारशे किलोमीटरचा शेवटचा टप्पा. शिवाय लक्षद्वीपचं परमिट आधी हातात हवं. सव्वातीन तासांचे झाले चोवीस.

संध्याकाळी फोन केला. "सर, माझं चुकलं." बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, आता ओरडणार. मग सरांनी विचारलं, "कोचीला किती वाजता पोचतो?"

"अडीचपर्यंत."

"आणि कोचीला समुद्र कुठला?"

अरबी! मी अगत्ती-अगत्ती करत बसले होते. पोर्ट ब्लेअरला जानेवारीत सव्वापाचलाच दिवस मावळतो, कोचीला जवळजवळ साडेसहापर्यंत टिकतो. विमानतळापासून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर, ट्रॅफिक धरून दोन तास. जमत होतं. फक्त चेन्नईचं कनेक्शन चुकायला नको, म्हणून मी दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घेतले, थोडे महाग पडले तरी.

जानेवारीत दोन फोटो आले. पहिला कॉर्बिन्स कोव्हचा, ५:४४. दुसरा फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांमागचा, ६:२२. खाली मजकूर : "ब्याऐंशी नाही, दिवसाची सहासष्ट जादा मिनिटं मिळाली. उरलेली सोळा उद्या अगत्तीला वसूल करतो. परमिटची झेरॉक्स हॉटेलवाल्याने ठेवून घेतली, चालेल ना?"

मूळ परमिट सरांकडेच आहे ना, हे विचारायला रात्री साडेनऊला त्या हॉटेलला फोन लावला.